चाळीस पानांचा प्रबंध

आज घरात भाजीला बटाटे आणले असतील तर त्यांतला एक आईकडून मागून घ्या. त्याची हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक फोड कापा. तेवढीच दुसरी फोड पाण्यात टाकून दहा मिनिटे चांगली उकळा आणि गार होऊ द्या. आता औषधांच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते ते हायड्रोजन पेरॉक्साइड दोन परीक्षानळ्यांत दोन-दोन बोटे घ्या. (हे करताना तुमचे विज्ञानाचे सर किंवा बाई जवळ असू द्या, हे द्रावण डोळ्यांत उडता कामा नये.) एका नळीत कच्ची फोड टाका, दुसरीत उकडलेली.

काय दिसते? कच्च्या फोडीवर लगेच बुडबुडे जमू लागतात आणि बघता बघता नळीत पांढरा फेस चढतो. विझवलेली पण टोकाशी अजून लाल असलेली उदबत्ती त्या फेसात नेली तर ती एकदम उजळते. म्हणजे निघणारा वायू प्राणवायू. उकडलेली फोड मात्र तळाशी गप्प बसून राहते. बटाट्याच्या पेशींत कॅटॅलेज नावाचे एक विकर असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन भाग करते. विकर हे प्रथिन आहे आणि उकळल्याने प्रथिनाची घडी विसकटते, म्हणून उकडलेल्या फोडीत ते निकामी झाले.

आता मी तुम्हाला विचारतो: या प्रयोगात सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती? तुम्ही म्हणाल, फेस. नाही! महत्त्वाची आहे ती उकडलेली फोड. ती नसती तर फेस विकरामुळे आला की बटाट्याच्या खरबरीत पृष्ठभागामुळे आला, हे तुम्हाला कधीच सांगता आले नसते. या फोडीचे महत्त्व ज्याला मनापासून पटले, त्याला पीएच.डी. म्हणजे काय यातले निम्मे समजले असे मी समजतो. उरलेले निम्मे समजावून घेण्यासाठी हा लेख आहे.

हा डॉक्टर सुई टोचत नाही

पारोळ्यातल्या एखाद्या घरी मुलाने "मी पीएच.डी. करणार" असे म्हटले, तर आजी आधी विचारणार, "मंग तू डाक्टर व्हशी का?" होय म्हणावे तर पंचाईत, नाही म्हणावे तरी पंचाईत! हा डॉक्टर नाडी पाहत नाही, औषध देत नाही. मराठीत या पदवीला 'विद्यावाचस्पती' असा भारदस्त शब्द आहे, पण तो पदवीदान समारंभाबाहेर कोणी वापरत नाही. सोपे सांगायचे तर एखाद्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणालाच ठाऊक नसताना ते स्वतः शोधून, पुराव्यासह लिहून, त्या विषयातल्या जाणकारांपुढे टिकवून दाखवणे म्हणजे पीएच.डी.

शाळेतल्या परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि उत्तर पुस्तकात असते. येथे प्रश्नही आपणच काढायचा आणि उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही अशी खात्रीही आपणच करून घ्यायची. दहावी-बारावीत पहिला आलेला विद्यार्थी येथे कधी कधी चाचपडतो आणि वर्गात मधल्या बाकावर बसणारा पण शंका सोडून न देणारा विद्यार्थी तरून जातो, याचे कारण हेच.

आपण येथे विचार करणार आहोत तो रेणवीय जीवविज्ञानाचा. पेशीच्या आत प्रथिने, जनुके, विकरे यांचे रेणू काय कामे करतात, एकमेकांशी कसे जुळतात, कसे बिघडतात, याचे हे शास्त्र. नुसत्या व्याख्या देत बसण्यापेक्षा एका मराठी मुलीची हकीकत सांगतो. तिचाही संबंध बटाट्याशीच आहे.

कमला भागवत

इंदूरला जन्मलेली कमला भागवत १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायन आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. (तेव्हा लोक तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणत.) साहजिकच मुलीनेही तेथेच अर्ज केला. त्या वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल पारितोषिक त्यांना तीनच वर्षांपूर्वी मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच: अर्ज करणारी व्यक्ती मुलगी होती.

कमला बंगळूरला गेली आणि आपल्याला का घेत नाही ते सांगा, म्हणून अडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले 'वातावरण बिघडता' कामा नये, अशीही एक अट होती! तिने त्या मान्य केल्या. अपमान मात्र ती विसरली नाही. पुढे साठ वर्षांनंतरही त्याविषयी त्या उघडपणे बोलल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते यात वाद नाही. पण मोठ्या शास्त्रज्ञाचे सगळेच विचार मोठे असतात असे नाही, हेही तुम्ही लक्षात ठेवायला हरकत नाही.

श्रीनिवासय्या नावाच्या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि नंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली एम.एस्सी. मिळवून, शिष्यवृत्त्या घेऊन कमला इंग्लंडात केंब्रिजला गेली. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले. त्यांच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा तेथल्या एका संशोधकाने आपले टेबल दिवसा तिला वापरू दिले आणि स्वतः तो रात्री काम करू लागला. बंगळूरला कमलाने रात्री काम करावे अशी अट होती. केंब्रिजला तिच्यासाठी दुसरा रात्री जागला. एवढा फरक!

पेशीतली बादल्यांची रांग

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. हा भाग थोडा सावकाश वाचा.

आपण अन्न खातो आणि श्वासाने प्राणवायू घेतो. पेशीत अन्नाचे सावकाश 'ज्वलन' होते आणि ऊर्जा मिळते. पण अन्नातले इलेक्ट्रॉन एकदम प्राणवायूच्या हाती दिले जात नाहीत. गावात गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसे रांगेत उभी राहतात आणि बादली या हातातून त्या हातात जाते, तसे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे असे सरकवले जातात. या रांगेतल्या काही रेणूंना 'सायटोक्रोम' म्हणतात. ती लोह असलेली, रंगीत प्रथिने आहेत. सायटोक्रोम सी हे त्यांतले एक लहानसे प्रथिन. माणसात त्यात १०४ अमिनो आम्लांची साखळी असते. ते आपल्या बादल्या नेऊन देते 'सायटोक्रोम ऑक्सिडेज' या विकराकडे, आणि ते विकर शेवटी प्राणवायूला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करते. तुम्ही हे वाक्य वाचत असताना तुमच्या मेंदूतही हेच चालले आहे.

हे सायटोक्रोम प्रथम पाहिले ते इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावच्या मॅकमन नावाच्या डॉक्टरने, १८८० नंतरच्या काही वर्षांत. स्नायूतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना त्याला काळ्या पट्ट्या दिसल्या. पण होप-सायलर या जर्मनीतल्या बड्या प्राध्यापकाने ते मानले नाही आणि मॅकमनचे काम अडगळीत पडले. पुढे १९२५ साली केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांना किड्यांच्या पंखांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये त्याच पट्ट्या पुन्हा दिसल्या. यीस्टचे दाट पाणी स्थिर ठेवले की पट्ट्या दिसत. हवेबरोबर जोराने हलवले की नाहीशा होत. थोडा वेळ थांबले की परत येत. प्राणवायू मिळाला की रांगेतल्या बादल्या रिकाम्या होतात, प्राणवायू संपला की भरलेल्या राहतात. पेशीचे श्वसन केलिन यांनी जणू डोळ्यांनी पाहिले!

केलिन यांनी वनस्पतींतही हे रंगद्रव्य असल्याचे सांगितले होते. म्हणून एक दुरुस्ती येथेच करून ठेवतो. कमलाबाईंनी 'सायटोक्रोम सी चा शोध लावला' असे पुष्कळ लेखांत छापलेले आढळते. ते बरोबर नाही आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड होता. वनस्पतीत सायटोक्रोम आहे, हे ठीक. पण वनस्पतीची पेशी खरोखर त्याच मार्गाने श्वसन करते का? त्या रांगेच्या टोकाचा गडी, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज, वनस्पतीत आहे का?

अडचण काय होती ती तुम्हाला घरी पाहता येईल. दुसरा बटाटा चिरा आणि तासभर उघडा ठेवा. तो तांबूस, मग काळपट पडतो. बटाट्यात फिनॉल-वर्गातली द्रव्ये असतात आणि त्यांचा प्राणवायूशी संयोग घडवून आणणारे वेगळेच एक विकरही असते. पेशी शाबूत असताना दोघांच्या खोल्या वेगळ्या. चिरल्यावर भिंती पडतात आणि दोघे एकत्र येतात. आता कल्पना करा: तुम्ही बटाटा वाटला, गाळला, आणि तो रस किती प्राणवायू शोषतो ते मोजले. प्राणवायू कमी झाला. पण तो कोणी खाल्ला? सायटोक्रोम ऑक्सिडेजने की काळे पाडणाऱ्या विकराने? दोन्ही विकरे सायनाइडने बंद पडतात, म्हणजे विष घालूनही चोर सापडत नाही. एक युक्ती त्या काळी माहीत होती. कार्बन मोनॉक्साइडने सायटोक्रोम ऑक्सिडेज बंद पडते, पण त्यावर प्रखर प्रकाश टाकला की पुन्हा चालू होते. काळे पाडणारे विकर प्रकाशाला दाद देत नाही. संशयित दोन असतील तर दोघांनाही ओळखता येईल अशी खूण शोधायची. पुन्हा तीच उकडलेली फोड, वेगळ्या वेषात.

कमलाने आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर प्राण्यांतल्या अशाच फिनॉलवर काम करणाऱ्या विकरांचा अभ्यास केला. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. मग ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींकडे वळली. (हिरव्या पानातली हरितलवके वेगळी काढून उजेडात ठेवली तर ती प्राणवायू सोडतात, हे दाखवणारे हिल ते हेच.) १९३९ साली 'नेचर' या साप्ताहिकात हिल आणि भागवत यांचे छोटेसे टिपण आले: सपुष्प वनस्पतींतले सायटोक्रोम ऑक्सिडेज. बटाटा, यीस्ट, किडा आणि माणूस यांच्या पेशींतली बादल्यांची रांग मुळात एकच, या समजुतीला त्याने बळकटी आली.

तिचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो तिने सादर केला असे सांगतात. आजकाल तीन-तीनशे पानांचे प्रबंध बांधून येतात. जाडी पाहून कोणी दबून जाऊ नये! १९३९ साली पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना त्याआधी १९३१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, हेही सांगायला हवे.

त्या भारतात परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ साली लग्न झाल्यावर, म्हणजे कमला सोहोनी झाल्यावर, मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे विषय घेतले ते पाहा: नीरा, कडधान्ये, पालेभाज्या. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या आपल्या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. ती कोणत्या कडधान्यात किती, शिजवल्यावर त्यांचे काय होते, ती शुद्ध कशी करावीत, यावर १९५४ नंतर त्यांच्या विभागातून निबंध प्रसिद्ध झाले. आपली आई वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून का घालते याचे रेणूंच्या भाषेतले एक कारण तेथे सापडते. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. त्याही पीएच.डी.साठी अभ्यास करीत होत्या. मध्य प्रांतातल्या आदिवासींत हिंडताना त्यांना खाण्यातून विषबाधा झाली, काही वर्षे अंथरुणात गेली आणि पीएच.डी. अपुरी राहिली. दोघींपैकी कोण मोठी विदुषी, हा प्रश्न कोणी विचारू नये. पदवी न मिळाल्याने दुर्गाबाईंचा अभ्यास थांबला नाही, एवढे मात्र जगजाहीर आहे.

पारोळ्याच्या शिवारातला प्रश्न

तुम्ही म्हणाल, ही झाली जुनी गोष्ट, आणि ती मुलगी शास्त्रज्ञांच्या घरातली. खरे आहे. तुमच्या घरात कदाचित रसायनशास्त्र नसेल, कापूस असेल. मग कापसाकडेच वळू.

२००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक या कापसात घातलेले असते. त्यामुळे झाडाच्या पेशी एक प्रथिन बनवतात. ते बोंडअळीच्या पोटात गेले की आतड्याच्या पेशींवरच्या 'कॅड्हेरिन' नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, पेशींना भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात या विषाला हवे तसे कॅड्हेरिन नाही, म्हणून आपल्याला ते बाधत नाही. कुलूप असेल तरच किल्ली चालणार! २००६ साली दोन जनुकांचा बीटी कापूस आला. शेतकऱ्यांची फवारणी सुरुवातीला कमी झाली.

मग अळीने तोड काढली. सरकीत शिरून बसणारी गुलाबी बोंडअळी या कापसावर जगू लागली. गुजरातेतून २०१० च्या सुमारास त्याच्या बातम्या आल्या आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठेच नुकसान केले. पारोळा, अमळनेर, धुळे या बाजूच्या कापूसवाल्या घरांना ते वर्ष सांगायला नको.

अळी मरेनाशी झाली ती कशामुळे? हा रेणवीय जीवविज्ञानाचा प्रश्न आहे. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांचे कॅड्हेरिनचे जनुक संशोधकांनी तपासले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या जनुकाची मोडकी-तोडकी अशी आठ नवी रूपे त्यांना सापडली. त्यातही गंमत अशी की बहुतेक रूपांपासून एकच नव्हे, तर वेगवेगळे सदोष संदेश तयार होत होते. जनुकाचा संदेश हा शिंप्याने बेतलेल्या कापडासारखा असतो; मधले निरुपयोगी तुकडे कापून टाकायचे आणि कामाचे तुकडे जोडायचे. या अळ्यांत कापणी-जोडणी चुकते. कधी बाहीच राहून जाते, तर कधी सदरा अर्ध्यावरच संपतो. कॅड्हेरिन धड तयार होत नाही, कुलूपच बदलते, आणि किल्ली हातात तशीच राहते. एरवी असा बिघाड अळीला महागात पडला असता. पण सगळीकडे बीटी कापूस लावल्यावर बिघडलेली अळीच तेवढी वाचते आणि तिचीच प्रजा वाढते.

असे प्रश्न अजून संपलेले नाहीत. दुसऱ्या जनुकाच्या विषालाही अळी कशी पचवते? तुमच्या तालुक्यातल्या अळ्यांत यांपैकी कोणता बिघाड अधिक? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत गुलाबी अळीवर काम चालते. पण पारोळ्याच्या शिवारात 'डोमकळी' कोणत्या आठवड्यात दिसू लागते हे तुम्हाला जितके ठाऊक आहे तितके प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला ठाऊक नसते. (अळी आत शिरल्यामुळे पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल म्हणजे डोमकळी.) ही तुमची भांडवली ठेव समजा.

वाट कशी आहे?

दहावीनंतर विज्ञान शाखा, बारावी, मग बी.एस्सी. ती पारोळ्यात, अमळनेरला, धुळ्याला किंवा जळगावला घरून जाऊन-येऊन करता येते. त्यानंतर जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा विषयात एम.एस्सी. पूर्वी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. तेथेही जीवविज्ञानाचा विभाग आणि पीएच.डी.ची सोय आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था. ही नावे वहीत लिहून ठेवा.

एम.एस्सी.नंतर 'नेट' ही राष्ट्रीय परीक्षा असते. तीत संशोधन-शिष्यवृत्तीसाठी निवड झाली की १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात; घरभाडे वेगळे. हे मुद्दाम सांगतो, कारण पीएच.डी. म्हणजे वडिलांनी शेत विकून भरायची फी, असा समज पुष्कळ घरांत आहे. विज्ञानात तरी नेट होऊन गेलेल्याला पीएच.डी.साठी उलट पैसे मिळतात. ते दर महिन्याला वेळेवर येतातच असे नाही, तेव्हा गाठीला दोन-तीन महिन्यांची शिल्लक असावी.

वेळ किती लागतो? २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे, कमाल सहा. मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रयोगाच्या विषयात पाच-सहा वर्षे धरून चाला. म्हणजे तुमचा वर्गमित्र चोविसाव्या वर्षी नोकरीला लागून घरी पैसे पाठवत असेल तेव्हा तुम्ही विद्यार्थीच असाल, आणि एकोणतीस-तिसाव्या वर्षीही लग्नघरात कोणीतरी विचारणार, "अजून शिकतोच आहेस का?" पुढे प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा मिळेलच अशी हमी नाही. औषधांचे आणि लसींचे कारखाने, बियाणे कंपन्या, तपासणी प्रयोगशाळा अशा दुसऱ्या वाटाही आहेत. पण त्यांतल्या कित्येकींना पीएच.डी.ची गरज नसते. शिक्षकांनी हा हिशेब मुलांपुढे आणि पालकांपुढे आधीच स्पष्ट मांडावा, असे मला वाटते. नुसत्या कौतुकाने पाठवलेला मुलगा तिसऱ्या वर्षी एकटा पडतो.

तिसरे वर्षच का? कारण साधारणपणे तोपर्यंत नवलाई संपते आणि प्रयोग फसू लागतात. एक उदाहरण घ्या. अळीच्या एका पायातून काढलेला डीएनए इतका थोडा असतो की त्याच्या प्रती काढाव्या लागतात. पीसीआर या पद्धतीत नळी ९५ अंश सेल्सियसला तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करतात, ५५ अंशांच्या आसपास आणून त्यांवर छोटे 'सुरुवातीचे तुकडे' चिकटवतात आणि ७२ अंशांवर विकराकडून नवा धागा विणून घेतात. दर फेरीला प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाच्या किती होतील? करून पाहा: शंभर कोटींहून अधिक! अडीच-तीन तासांत. १९८३ साली कॅरी म्युलिस यांना ही कल्पना सुचली आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले.

वाचायला किती सोपे! प्रत्यक्षात सकाळी नळ्या लावाव्यात, दुपारी जेलवर पाहावे, तर पट्टी नाहीच. तापमान दोन अंशांनी बदलावे, नाही. नवे विकर मागवावे, पंधरा दिवस वाट पाहावी, नाही. मग एक दिवस पट्टी दिसते, लख्ख! आनंदाने शेजारची नळी पाहावी, जिच्यात डीएनए घातलाच नव्हता, नुसते पाणी होते. तर तिच्यातही तीच पट्टी. म्हणजे कोठून तरी भेसळ झाली आणि तीन महिन्यांचे काम पुन्हा पहिल्यापासून. ती पाण्याची नळी न लावणारा विद्यार्थी त्या दिवशी घरी खुशीत गेला असता. त्याचा प्रबंधही कदाचित लवकर झाला असता, आणि तो खोटा असता. पाण्याची नळी म्हणजे तीच आपली उकडलेली फोड, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

म्हणून मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती विचारू नका. त्याच्याकडे आज काम करणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढेच विचारा: प्रयोग फसला असे सरांना सांगायला तुम्हाला भीती वाटते का? वाटत असेल तर दुसरीकडे अर्ज करा.

इंग्रजीची धास्ती पुष्कळांना असते. संशोधन-निबंध इंग्रजीत असतात हे खरे. पण त्यांचे इंग्रजी कथा-कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी सोपे, ठरावीक शब्दांचे असते. आठवड्याला एक पान शब्दकोश घेऊन वाचले तर दोन वर्षांत सराव होतो. गणित मात्र सोडू नका, विशेषतः संख्याशास्त्र. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, या समजुतीने फार जणांना पुढे अडवले आहे.

तोपर्यंत एक काम

नेट, पीसीआर यांना अजून आठ-नऊ वर्षे आहेत. यंदाच्या कापसात एवढे करून पाहा. लागवडीला साधारण तीन महिने होत आले की शेतात तिरपे चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा. बाहेरून चांगली दिसणारी घ्या, किडकी निवडून घेऊ नका, नाहीतर मोजणीला अर्थ राहणार नाही. प्रत्येक बोंड फोडून आत गुलाबी अळी किंवा तिने कुरतडलेली सरकी आहे का ते पाहा. विसांत दोन बोंडे तशी निघाली तर उपाय करण्याची वेळ आली, असे कृषी खाते सांगते. ते वडिलांच्या कानावर घाला. दर आठवड्याला त्याच शेतात, त्याच रीतीने मोजा. तारीख, वाण, लागवडीचा दिवस, पाऊस, आणि विसांतली किती, असे रकाने आखा. कामगंध सापळा लावलेला असेल तर सकाळी त्यातले पतंगही मोजा. शेजारच्या शेतात फरदड ठेवली होती का, तेही लिहा.

एखाद्या आठवड्याला जाता आले नाही तर तो रकाना कोरा ठेवा. अंदाजाने आकडा भरू नका.